शिशाची वरात

बाबा, तुझा ताशेवाला आज पुन्हा आडवा झाला. मागच्या आठवड्यातच त्याला सरळ केला होता, गरम पाण्याच्या वाटीत पाय बुडवून, अंगठ्याने हळूहळू दाबत, तू करायचास तसा. दोन-तीन दिवस नीट उभा राहिला, मग घोट्यातून वाकायला लागला, आणि आज बघतो तर पुढच्या क्लॅरनेटवाल्याच्या पाठीवर डोकं टेकून पडलेला. कपाटातली सगळी शिशाची वरातच आता अशी झालीय. घोड्याचं पोट खाली आलंय, दिवे घेतलेल्या बायकांच्या माना कलंडल्यात, नवरा मागे रेललाय. आई म्हणते, "दारू पिऊन आल्यासारखी दिसतात सगळी. आमच्या लग्नात पण झालं होतं असं, पण ते जेवणं झाल्यावर."

तू गेलास तेव्हा मी सातवीत होतो, त्यामुळे तुझ्याकडून शिकलो ते एवढंसंच. चिंचणीच्या आपल्या पडवीत बसून तू पोलादाच्या ठोकळ्यांवर दागिन्यांचे डाय, म्हणजे नक्षीचे साचे, कोरायचास. नक्षी नीट उतरते का ते बघायला शिशाच्या तुकड्यावर ठसा मारायचास, आणि तेच शिसं वितळवून ही वरात ओतलीस, तुझ्या आणि आईच्या लग्नाची, एकेक माणूस करून. अजून डोळ्यांपुढे आहे. घोड्याचा पाय वाकलाय आणि मी तो एका झटक्यात सरळ करायला जातोय. तू माझं मनगट धरतोस. "अरे, भांडतोस काय त्याच्याशी? शिसं हाय ते. आज जरासा वाकव, ठेवून दे, उद्या परत बघ." मी म्हणतो, उद्या शाळा आहे. तू हसतोस. "मग शाळेतून आल्यावर बघ. घोडा कुटं पळून जात नाय."

ते मला कधी जमलंच नाही. पालघरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना जिच्यावर माझा जीव होता तिच्यावरून सरांनी भर वर्गात मला टोमणा मारला आणि मी बाक उलटा केला. माफी माग म्हणाले. मागितली नाही, कॉलेजच सोडलं. मला वाटलं, तिला माझा अभिमान वाटेल. ती स्टेशनबाहेर एवढंच म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी तुझा राग उतरायची वाट बघायची. किती बघू?" आता मी बोईसरला एका कारखान्यात वायरिंगचं काम करतो आणि तिचं लग्न ठरलंय, दुसरीकडे. आपल्याच आळीतली ती, तुला आठवत असेल, लहानपणी कपाटापुढे गुडघे टेकून बसायची. वरातीत तिची सगळ्यात आवडती म्हणजे नवरी. रविवारी ती आईला आमंत्रण द्यायला येणार असं कळलं, आणि माझ्या डोक्यात बसलं की निदान ही वरात तरी तिच्यापुढे ताठ उभी पाहिजे.

नवरीचा एक घोटा वाकवून वाकवून दोऱ्याएवढा उरला होता. मी जरा जोर केला आणि तो तुटला. मग कामावरचं सोल्डरिंग आयर्न घरी आणलं. तारांना रोज डाग देतो, तसाच इथे द्यायचा, त्यात काय, असं वाटलं. टोक लावलं आणि पाऊलच नाहीसं झालं. त्याचा एक चकचकीत थेंब झाला आणि पाटावरून घरंगळत गेला. मी ओरडलो, आणि तेही त्या बिचाऱ्या नवरीवरच. आई आतून आली. नवरी तळहातावर घेऊन बघत राहिली. "ह्या पायात जोडवी काढली होती तुझ्या बाबांनी," म्हणाली, "सुईच्या टोकाने." आणि आत गेली. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं होतं.

ती आली तेव्हा नवरी मी घोड्याला टेकवून ठेवली होती. आईच्या हातात पत्रिका देऊन ती सवयीने कपाटाशी गेली. "ही अशी का टेकलीय?"

"पाय गेलाय."

"होईल ना नीट?"

"होईल. थोडं थोडं करून."

ती हसली. "तू? आणि थोडं थोडं?" चिडवल्यासारखंच म्हणाली, पण मग माझ्याकडे बघितलं नाही. चपला घातल्या, आईला नमस्कार करायचा राहिला म्हणून पुन्हा काढल्या, पुन्हा घातल्या. मी कपाटाजवळच उभा होतो. नवरी घसरत होती, ती पुन्हा घोड्याला टेकवली.

हे लिहिलेलं पोस्टात टाकायचं नाहीच. घडी घालून घोड्याच्या पोटाखाली सरकवीन, तेवढाच त्याला आधार. तो थेंब मी फेकला नाही, काड्यापेटीत ठेवलाय. त्याचं परत पाऊल कसं करायचं, ते तू दाखवायचं राहिलं. तिला होईल म्हणालो खरा. मला येत नाही, बाबा.