लाल कापडातली पोथी

३ जून
शिपाई सिर्ता शहरापर्यंत आलेत म्हणे. सम्राटाचा हुकूम — ख्रिस्ती लोकांच्या पोथ्या जाळा. आमच्यात पोथ्या सभेत वाचून दाखवणाऱ्या वाचकाच्या घरी असतात. म्हणजे मिग्गिनदादाच्या पेटीत — आणि मी त्याच्याच ओसरीवर पथारी टाकतो! पांढऱ्या कापडात प्रेषिताची पत्रं, लाल कापडात एका विधवेने लिहून ठेवलेली तिची स्वप्नं. सभेत दोन्ही वाचतात. मला स्वप्नंच आवडतात. दुपारी गुपचूप दोन्ही सोडून चाळत होतो, तेवढ्यात गल्लीत गाढवं उधळली. कुठली कशात ते न बघता पोथ्या कशाबशा गुंडाळल्या नि पळालो बघायला. एक गाढव कुंभाराच्या दुकानात शिरलं — काय धमाल!

५ जून
खळ्यावरून आलो तर शिपाई येऊन गेलेले. दादाने एक पोथी दिली, ती त्यांनी चौकात जाळली. लाल दिली म्हणतो. पांढरी वाचवली.
खरं कशावरून?

६ जून
पेटीला कुलूप. आजवर कधीच नव्हतं. दादा जेवत नाही, कोपऱ्यात बसून पुटपुटतो. मी गेलो की गप्प. काहीतरी लपवतोय. दोन्ही देऊन बसला की काय?

८ जून
वडीलधाऱ्यांची सभा झाली. पवित्र पोथी शत्रूच्या हाती देणारा विश्वासघातकी — त्याला मंडळीत जागा नाही. मग लाल पोथी पवित्र होती की नव्हती? तासभर तोच घोळ. शेवटी थोरले फोर्तिसबाबा म्हणाले, "जिच्यासाठी मरायचं ती पवित्र. जी देऊन सुटता येतं ती नाही." झालं! दादा निर्दोष. विधवेची स्वप्नं यापुढे सभेत वाचायची नाहीत — कुठेही प्रत सापडली तरी.
गुदुलामावशी तेवढी उठली. "परवापर्यंत ऐकून डोळे पुसत होतात की रे सगळे. एका दिवसात खोटी झाली होय?"
फोर्तिसबाबांनी पुढचा विषय काढला. दादा जमिनीकडेच बघत होता. निर्दोष माणूस असा बसतो?

रविवार
वाचनाच्या वेळी दादा म्हणाला, "पोथी तू धर." दुसऱ्या कुणाला नाही, मलाच. पांढरं कापड सोडलं, प्रेषिताचं पत्र वाचलं. कुठे अडखळला नाही. मावशीसुद्धा मान डोलावत होती.
माझ्या हातातल्या पानांवर विधवेची स्वप्नं होती.
पत्र तो पाठ म्हणत होता. जिथे उलटायला हवं तिथे बरोबर पान उलटलं — आणि माझ्याकडे पाहिलं.