आबांच्या कपाटाची किल्ली

३ मार्च

चि. धाकोबास अनेक आशीर्वाद.

आनंदाची बातमी! सरकार म्हणतं राजवाडा त्यांचा, मी म्हणते आपला. आता एकदाचा निकाल लागणार. आबांचं संस्थान विलीन झालं तेव्हा खाजगी काय आणि सरकारी काय, याची यादी झाली होती. सरकारकडची प्रत हरवली. आपली आबांच्या लोखंडी कपाटात आहे, असं जुन्या कारभाऱ्यांच्या पत्रात सापडलं. पण किल्ली साठ वर्षं गायब! कपाट फोडते म्हटलं, तर कोर्ट म्हणतं, कपाटाचाही वाद चालू आहे, ओरखडा उमटता कामा नये. वीस तारखेला सुनावणी. आबांचं घर माझ्या हातून गेलं तर त्यांच्या तसबिरीकडे कोणत्या तोंडाने बघू? तुला काही आठवतं का रे?

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई

९ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

आधी माझा कान धर, मग वाच. किल्ली मीच टाकली, कारंज्यातल्या दगडी सिंहाच्या तोंडात. आबांनी माझी बेचकी त्या कपाटात बंद केली होती. सहा वर्षांच्या माणसाने सूड घ्यायचा तरी कसा? पुढे आबांनी अख्खं घर पालथं घातलं, तेव्हा तर कबूल करायची हिंमतच झाली नाही.

दातांचा डॉक्टर म्हणून सांगतो, सिंहाचा जबडा अरुंद आहे. हात घालू नकोस, वाकडी तार घाल.

शिव्या दे, पण पत्रातूनच दे.
तुझा गुन्हेगार भाऊ

२१ मार्च

चि. गुन्हेगारास आशीर्वाद, थोडेसेच.

सापडली! परवा तहसीलदारांनी तेल सोडून स्वतः फिरवली. वकीलसाहेबांनी यादी वाचली आणि माझ्या हातात दिली. राजवाडा सरकारचा. कारंजं, तुझा सिंह, सगळं सरकारचं. आबांनीच सही करून दिलेलं! आणि मी त्यांच्यासाठी म्हणून तीस वर्षं भांडत होते. डोळे भरून आले, तेवढ्यात शेवटची ओळ दिसली, आबांच्या अक्षरातली: ‘माळ्याचे घर मुलीच्या नावे. मोठ्या दालनांत तिला भीती वाटते.’

मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं रे. दुपारी बागेत माळ्याच्या ओट्यावर जाऊन झोपायचे, ते त्यांनी पाहिलं असणार. भीती तर मला अजून वाटते.

काल कोर्टाने यादी मान्य केली, आणि आज मी सामान हलवलंसुद्धा! दोन खोल्या, चार खिडक्या. बेचकी यादीत नव्हती, म्हणून तहसीलदारांनी मला देऊन टाकली. सोबत पाठवतेय, जपून वापर.

माया कमी करू नकोस, आणि पत्ता नवा लिही.
ताई,
माळ्याचं घर