मसनवटीच्या वाटेवरचे राळे

माय, परवा आपल्या घरातली आणखी एक बाई बाळंतपणात गेली. तुझ्या लेकाची सून. ज्याला जन्म देताना तू गेलीस तो लेक आता स्वतः आजा झाला आहे. मिशी पांढरी आहे, चढ चढताना दम लागतो. सूनबाई अकोल्याच्या वाटेवर गाडीतच गेली. बाळ वाचलं, ते तिकडे दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे; माती देऊन त्याचा बाप पुन्हा त्याच्यापाशी गेला आहे. घरी तिची मोठी मुलगी आहे, अजून दुधाचे दात पडायचे आहेत तिचे. फोन आला तेव्हा मी वाशीमला माझ्या दोन खोल्यांत दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची टाचणं काढत बसले होते. ती तशीच टाकून निघाले, शेलूबाजारला एसटीतून उतरले आणि पुढे जीपने गावात आले.

मसनवटीपर्यंत मी गेले. तुझ्या वेळी बायांना शिवेवरच थांबवत. आता आपल्या बाया जातात, आणि मला तर कुणी थांबवायची हिंमत करत नाही. नाल्याच्या पलीकडे ती जागा अजून तशीच आहे, चिंच तेवढी एका अंगाने वाळली आहे. हल्ली आपल्यात बहुतेकांना अग्नीच देतात, पण बाळंतपणात गेलेलीला मात्र माती. विहारात वंदना घेणारा पोरगा आला होता, त्याने त्रिसरण-पंचशील म्हटलं. खड्ड्यात मीठ टाकलं, मग प्रत्येकाने मूठ मूठ माती दिली, आणि जनावरांनी उकरू नये म्हणून वर बाभळीच्या काट्या अंथरल्या. मी माझी मूठ टाकली आणि सवयीने तुला शोधू लागले. उशाला एक काळा दगड होता असं आठवतं. तिथे आता कितीतरी काळे दगड आहेत, नाल्याच्या पुराने काही इकडचे तिकडे गेले आहेत. कुठल्या दगडापुढे उभं राहावं ते कळेना, म्हणून एकाही दगडापुढे उभी राहिले नाही.

तू गेलीस तो दिवस मी शेकडो व्यासपीठांवरून सांगितला आहे. रिसोडला सांगितला, मानोऱ्याच्या तांड्यांवर सांगितला, कॉलेजांत सांगितला. आजीने उंबरठ्यात चार खिळे कसे ठोकून घेतले. पुरुष मातीहून परतत असताना सुपातले बारीक दाण्याचे राळे शिवेपासून दारापर्यंत ती कशी पेरत आली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बाळंतीन मेली का हडळ होते, बापा. लेकराच्या वढीनं घरी येते. पण वाटंवर राळे दिसले का तिले एकएक दाना वेचाच लागते. वेचता वेचता कोंबडं आरवते, अन् ते मांगं फिरते." याच आजी-आजोबांनी धम्मदीक्षा घेतली होती, घरातले जुने देव नाल्यात सोडून दिले होते. देव सुटले, भीती मात्र उंबरठ्यात खिळ्यांसारखी रुतून राहिली. हे मी सांगते तेव्हा मागच्या रांगाही पुढे वाकतात. मग मी आवाज चढवते. विचारते, जिवंत असताना जिला वेळेवर सुईण मिळाली नाही, बैलगाडी मिळाली नाही, मेल्यावर तिच्याच पावलांची तुम्हाला एवढी धास्ती? गावाकडे जिचं सगळ्यात जास्त येणं बाकी आहे, तिच्याच येण्याला गाव भितं! टाळ्या पडतात. त्या टाळ्यांनी तुला घासून घासून पार गुळगुळीत केलं आहे, माय. भाषणातली तू मला पाठ आहेस. खरी तू तुकड्यातुकड्यांनी येतेस, आणि ते तुकडे भाषणात कुठेच बसत नाहीत.

तू चुलीपुढे बसली आहेस. मळ्यातल्या वांग्यांचे काटे बोटांत गेलेले, ते तू पिनेने काढते आहेस, आणि मी शाळेतलं भाषण मडक्यांना, तव्याला, परातीला म्हणून दाखवते आहे. तू मान वर न करता म्हणतेस, "एवढ्या जोरानं कोनाले सांगून राह्यली? भांडे बहिरे नाईत." मी रुसते. दुसऱ्या दिवशी तू टोपली घेऊन शेलूबाजारला जातेस आणि येताना पदराच्या गाठीत खडीसाखर आणतेस, घसा बसला आहे म्हणून. म्हणजे तू ऐकत होतीस. मडक्यांचं नाव पुढे करत होतीस, एवढंच. त्यानंतर मी हजारोंच्या सभा केल्या, पण तसं पाठमोरं ऐकणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.

आणि एक गोष्ट मी व्यासपीठावर कधीच सांगितलेली नाही. आजीने राळे पेरले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते वेचायला लागले. तू यावंस म्हणून. तुझं काम मी करून ठेवलं तर तू थेट घरी येशील, हा माझा साधा हिशेब होता. झग्याच्या ओच्यात मूठभर जमले तोवर दिवस कलला, राळा तो केवढा आणि वाट ती केवढी! मग मला युक्ती सुचली. आजीच्या कोंबड्या डालग्याखाली होत्या. मी डालगं उचललं आणि कोंबड्या शिवेकडे हाकलत नेल्या. त्यांनी असा काही फडशा पाडला की काय सांगू. सकाळी आजीने कपाळावर हात मारला, "कोन्या मेलीनं सोडल्या वं कोंबड्या?" पुन्हा राळे पेरले, मी पुन्हा कोंबड्या सोडल्या. घरातले राळे संपले तेव्हा आजीने नाद सोडला. वाट पार स्वच्छ झाली. उंबरठ्यातले खिळे काही मला निघाले नाहीत, पण मागच्या दाराला खिळा नव्हता. ते मी कडी न लावता नुसतं लोटून ठेवलं.

तू आली नाहीस.

लोक मला विचारतात, ताई, तुम्ही इतक्या विवेकवादी कशा झालात? मी ग्रंथांची नावं सांगते. ते ग्रंथ मी वाचले आहेत, त्यांच्यासाठी भांडले आहे, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण माझा निकाल त्याआधीच लागला होता, मागच्या दाराशी बसून. अडवणारं काही उरलं नव्हतं आणि तरी कुणी आलं नव्हतं. म्हणजे येणारं कुणी नसतंच. दुसरा अर्थ असा होता की तुला यायचं नव्हतं. त्यापेक्षा हा बरा होता.

काल माती देऊन घरी आलो तर अंगणात शेजारची म्हातारी मोहरीचं पाकीट फोडत होती, किराण्याच्या दुकानातलं. मला पाहून जराशी चपापली. "राळे नाई भेटत आता," ती म्हणाली, "सारा गाव सोयाबीन पेरते. मोहरी चालते."

"मंग सोयाबीनच टाक ना वं म्हातारे," ओट्यावरून एक बाई म्हणाली, "पोतं भरून हाय घरी."

"अवं, सोयाबीनचा दाना मोठा रायते. घडीभरात वेचून घेईन ते. बारावी शिकेल पोरगी होती."

तेवढ्या दुःखातही दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. आणि उंबरठ्याशी तुझा लेक हातोडी घेऊन उकिडवा बसलेला. मग मी बोलले. जे आयुष्यभर बोलत आले ते सगळं त्या अंगणात बोलले, एका दमात. म्हातारीने पाकिटाची घडी घातली, बाया खाली पाहू लागल्या. तुझा लेक मात्र तसाच बसून होता. मी थांबल्यावर म्हणाला, "ताई, तुह्यं सारं खरं हाय. पन तू बोलून जीपमधी बसशीन. लेकरू दवाखान्यातून मह्या घरीच येनार हाय. उद्या त्याले काई झालं त मी कोनाले विचारू? तुह्या पुस्तकाले?"

मी उत्तर देणारच होते. तेवढ्यात त्याच्या मागून सूनबाईची ती पोर पुढे आली, नातच ती माझी. म्हणाली, "ठोका ना आबा. माय आली त बाळाले घेऊन जाईन."

माय, मी तुझी वाट मोकळी करत होते. ही पोर तिच्या आईची वाट बंद करायला सांगत होती. ज्या बाईने परवा सकाळी तिची वेणी घातली, तिचीच भीती एका दिवसात अंगणातल्या बोलण्यातून तिच्या अंगात भरली होती. मला आजवर वाटायचं की ही चाल मेलेल्या बाईचा अपमान करते. त्या पोरीचा चेहरा पाहिला आणि कळलं की मेलेलीचं काहीच जात नाही. आई जाते ती हिची, दुसऱ्यांदा, आणि या खेपेला कायमची.

मी तिला घेऊन ओट्यावर बसले आणि कोंबड्यांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी. कोंबड्या कशा धावल्या आणि आजी कशी ओरडली, हे ऐकून ती जराशी हसली. मग तिने विचारलं, "मंग आली का तुमची माय?"

मी म्हणाले, "आली."

"खरंच?"

"खरंच. मागच्या दारानं आली. माझं पांघरूण नीट केलं. चुलीत विस्तव होता, तो झाकला. अन् गेली."

"बाळाले नाई नेलं?"

"नेलं असतं तर तुझा आबा कुठून आला असता? तो काय बसला समोर, मिशीवाला. तेच ते बाळ."

तिने आजोबाकडे वळून पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघते आहे. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली, सकाळपासून पहिल्यांदा. त्या रडण्यात आईची भीती नव्हती, एवढं मला नक्की सांगता येतं. तुझ्या लेकाने हातोडी बाजूला ठेवली. खिळे ठोकले नाहीत. म्हातारी पाकीट घेऊन तिच्या घरी गेली.

बाया पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. पायरीवर बसला, नखांनी माती उकरत राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, तू हे मले कधी नाई सांगलं."

मी ओट्यावरून उतरून त्याच्या शेजारी बसले.

"मह्याकडं पाह्यलं का तिनं?"

आपल्या जन्माने आपली आई गेली, हे ज्याला समज आल्यापासून माहीत आहे, तो माणूस विचारत होता. मी आजवर अनेकांचे प्रश्न परतवले आहेत, माय, मोठमोठ्या सभांत, विरोधकांसमोर. मी म्हणाले, "पाह्यलं. लय वेळ पाह्यलं." त्याने मान हलवली आणि बाळाची चौकशी करायला दवाखान्यात फोन लावला.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, तुझा तर दगडही मला सापडला नाही. भाषण पुढच्या आठवड्यावर ढकललं आहे. विषय तोच आहे, मसनवटी आणि तिथल्या कहाण्या, आणि मी तेच बोलणार आहे जे खरं आहे. पण गावात एक पोर आहे, तिच्या लेखी मेलेल्या आया येतात, पांघरूण नीट करतात आणि कुणाला धक्का न लावता जातात. आणि म्हातारा होत चाललेला एक माणूस आहे, त्याच्याकडे त्याच्या आईने एकदा लय वेळ पाहिलं होतं. तू आली नव्हतीस, हे त्या घरात मला एकटीलाच ठाऊक आहे. आणि माय, मला त्या दोघांचा हेवा वाटतो.