रडायची तालीम

वैशाखरे,
मे महिना

प्रिय दिपे,

फोनवर सांगता आलं असतं तर सांगून मोकळी झाले असते. पण फोन वाजला की तुझी लेक धावत येते, स्पीकर लावते, आणि माझं 'कशी आहेस' पुरं व्हायच्या आत फोन तिच्या हातात गेलेला असतो. मग तुमचं दोघींचं सुरू. मी तिथेच भांडी विसळत उभी, कान मात्र तुमच्याकडे. म्हणून लिहायला बसले. शाम भाजीचा टेंपो घेऊन चाकणला येतो, त्याच्या हाती देईन. तुझ्या पंकजरावांना वाचायला देऊ नकोस. वाचून तुला माझा राग येईल, तो माझ्यावरच काढ, त्या बिचाऱ्या माणसावर नको.

आधी बातमी देते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुझ्या भार्गवीची सिनेमासाठी निवड झाली. कमळाकर काल पेढे घेऊन आला होता, आणि तोऱ्यात असा की जणू त्याचीच निवड झाली. तुला तो आठवत असेल, मुरबाडला लग्नाचे, हळदीचे व्हिडिओ काढतो तो. त्यानेच हे सगळं सुरू केलं. आमच्या आळीत एक हळद होती, तिथे ही बया बायकांच्या घोळक्यात नकला करत होती. आमच्या सासूबाईंची केली, ग्रामसेवकाची केली, आणि मग खांद्याला पर्स लावून, मान वाकडी करून, कानाला मोबाइल धरून तुझी केली. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. कमळाकर म्हणाला, सगळ्यांत झकास आईचीच झाली. मी मात्र हसले नाही. सहा वर्षं माझ्यासमोर वावरणारी पोर, माझी नक्कल तिला कधी सुचली नाही. रोजच्या भाकरीची कोण नक्कल करतो म्हणा.

तर माळशेजच्या पायथ्याला कुठल्याशा सिनेमाचं काम होणार, त्यात गावातली सात-आठ वर्षांची मुलगी हवी, ऑडिशन शहापूरला, हे तुला तिने सांगितलंच आहे. काय करायचं होतं ते सांगितलं का? कमळाकरने मोबाइलवर प्रसंग पाठवला होता. आई कामासाठी मुंबईला निघाली आहे, मुलीने तिचा पदर धरला आहे. आई म्हणते, 'मी जाते, नीट राहा.' मुलगी म्हणते, 'आई, जाऊ नको,' आणि रडते. एवढंच. मी वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. म्हटलं, हे कोणी लिहिलं आणि आमच्या घरात डोकावून लिहिलं की काय.

पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी तालीम बंद पाडली. देवापाशी दिवा लावत होत्या, तेवढ्यात मी आईचं वाक्य म्हटलं, आणि त्या तशाच काडी हातात घेऊन बाहेर आल्या. दिवेलागणीला उंबऱ्यात उभं राहून 'जाते' म्हणतेस, वास्तू तथास्तु म्हणते हे कळत नाय का तुला? खरं सांगू, माझ्याही जिभेला ते जडच गेलं होतं. आपल्याकडे निघणारं माणूस कधी 'जाते' म्हणतं का गं? आपण 'येते' म्हणतो, घरचे 'ये' म्हणतात, आणि माणूस निघतं. मग मी लिहिणाऱ्याच्या नावाने खडे फोडले आणि वाक्य बदलून टाकलं. मी म्हणायची, 'येते हं, नीट राहा.' आणि तिथेच सगळं बिनसलं, कारण 'येते' ऐकलं की तुझी लेक सवयीने मान डोलवून म्हणायची, 'ये लवकर.' पुढे रडणार कशी? येणाऱ्या माणसासाठी कोण रडतं? कमळाकर दोनदा शिकवायला आला. हळदीतल्या नवरीला सांगतो तसं त्याने तिला सांगितलं, मान थोडी खाली, हळूच कॅमेऱ्याकडे बघ, गालात हस. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला.

मग रोज संध्याकाळी मीच आई व्हायची. ठेवणीतली हिरवी साडी नेसून, खांद्याला पिशवी अडकवून दारात उभी राहायची. ती पदर धरून म्हणायची, 'आई, जाऊ नको.' दिपे, तू हसशील, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पिशवी खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिले. मी तिला मावशी आहे. तू चाकणला कामाला लागलीस आणि ती दीड वर्षाची माझ्याकडे आली, तेव्हापासून तिचं हगलं-मुतलं मी काढलं, तिच्या उवा काढल्या, गोवर निघाला तेव्हा तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही, पण मी मावशीच. आणि आता रोज दिवेलागणीला मला आई म्हणत होती, तेही हक्काने, कोणी अडवणार नाही असं. तिला वाक्य चौथ्या दिवशीच आलं होतं. तरी मी म्हणायची, जमलं नाही, परत म्हण. ती परत म्हणायची. तुझे भाऊजी कसाऱ्याहून ड्युटी संपवून आले, की ओट्यावर बसून बघत राहायचे. एकदा म्हणाले, पुरे कर आता, पोरीचा घसा बसेल. त्यांना कळलं होतं.

रडू मात्र येईना. आणि ते का येत नाही हे घरात फक्त मला ठाऊक होतं. निघालेल्या माणसाच्या पाठीमागे रडू नये, त्याच्या वाटेला अपशकुन होतो, हे तिला मीच शिकवलं आहे. तू दोन-अडीच महिन्यांनी येतेस, दोन दिवस राहतेस, तिला नवा फ्रॉक घालतेस, रात्री ती तुझ्या कुशीत झोपते आणि माझ्या अंथरुणात तिची जागा गार पडलेली असते. त्या दोन दिवसांत मी 'जेवायला चल' म्हटलं तरी ती तुझ्याकडे बघते. मग तू फाट्यावर एसटीत बसतेस. ती हसून हात हलवते. गाडी घाटाकडे वळून दिसेनाशी झाली, की ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसते आणि असं रडते की फाट्यावरचा चहावालाही चूल सोडून येतो. तिला खांद्यावर टाकून घरी आणायची ती मी. शिमग्याला तू मला म्हणालीस, 'ताई, ही माझ्यासाठी रडतसुद्धा नाय गं, तुझीच झाली ही. आता नेलीच पाहिजे.' फाट्यावरचं हे रडणं मी तुला सांगितलं नाही. का बोलू? तुझ्या वाट्याला तिचं हसणं येतं, रडणं माझ्याकडे असतं. तेवढं तरी माझं असू दे, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

सासूबाई मला समजावतात. माय मरो पण मावशी जगो, म्हणतात, उगीच नाय म्हणत लोक. मी त्यांच्यावर खेकसते, माझ्या बहिणीबद्दल अभद्र बोलू नका म्हणते. खेकसते खरी, पण ते शब्द पुन्हा ऐकावेसे वाटतात. तू म्हणशील ताईला वेड लागलं. वेड नाही, पोटात दुखतं. तू धाकटी, तुझं लग्न माझ्यामागून, तुझी कूस माझ्याआधी उजवली, आणि माझी उजवलीच नाही. याचा मी कधी हेवा केला नाही. देवाशप्पथ नाही. हेवा वाटायला लागला तो ती बोलायला लागल्यावर.

ऑडिशनच्या दिवशी मुरबाडला गाडी बदलून शहापूरला गेलो. हॉल पोरांनी भरलेला, कोणाला लिपस्टिक, कोणाला भाड्याची नऊवारी. भार्गवीला मी शाळेचाच फ्रॉक घातला होता, केसांना तेल आणि लाल रिबिनी. आत एक तरुण बाई होती, बारीक केस, शांत आवाज. कमळाकर ओळखीने आत शिरून कोपऱ्यात मोबाइल धरून उभा राहिला. ती बाई आई झाली आणि कागदात बघून म्हणाली, 'मी जाते, नीट राहा.' आपली बया बघतच राहिली. वाक्य विसरली की काय म्हणून मी तिला लांबूनच ओठांनी खुणावलं. तर ही त्या बाईला शिकवायला लागली.

'जाते नाय बोलायचं. येते बोलायचं. जाते बोलली तं ती येत नाय.'

सगळे हसले. ती बाई हसली नाही. तिने विचारलं, हे कोणी शिकवलं, आणि भार्गवीने माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, झालं, माझ्या शहाणपणाने पोरीचं काम गेलं. पण ती बाई मला म्हणाली, हिला तुमची सवय आहे, तुम्हीच उभ्या राहा. वाक्य मात्र कागदात आहे तेच म्हणायचं. मी पदर सारखा केला. दिपे, त्या वेळी मला सासूबाई आठवल्या, आपली आई आठवली, निघताना कधीही चुकून तो शब्द न काढणारी. आणि मी तिच्याकडे बघून म्हणाले, मी जाते.

तिचा चेहरा असा पडला की मलाच धास्ती वाटली. तिने पदर नाही, माझी कंबर धरली, दोन्ही हातांनी, आणि 'आई, जाऊ नको, आई, जाऊ नको' करत हंबरडा फोडला. फाट्यावर बसून रडते तेच रडणं. पण या वेळी गाडी गेलेली नव्हती, मी समोर होते, आणि ती मला आई म्हणत होती. मी मटकन खाली बसले. तिला पोटाशी धरलं आणि मीही रडले, लोकांची लाज सोडून. सहा वर्षांत मला एवढं सुख झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता नेऊ दे दिपीला. मला मिळायचं ते मिळालं.

हुंदके थांबले तसं तिने माझ्या पदराला नाक पुसलं आणि कोपऱ्यातल्या कमळाकरकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'मावशी, हा व्हिडिओ आईला पाठव. मी तिच्यासमोर रडत नाय ना, तिला वाटतं मला काय नाय वाटत.'

म्हणजे त्या मिठीत मी नव्हतेच. मी नुसती ठेवणीतली साडी होते, आत तू होतीस. ती बाई माझी पाठ थोपटत होती, छान तयारी करून घेतलीत म्हणत होती. मी मान हलवली. येताना गाडीभर भार्गवी विचारत होती, पाठवला का, आईने बघितला का. रोज विचारते. मी सांगते, रेंज नाही. कमळाकरने दिलेला तो व्हिडिओ माझ्या मोबाइलात आहे आणि मी तुला तो पाठवलेला नाही. बघितलास तर तू त्याच पावली निघून येशील, हे मला ठाऊक आहे. पण त्यात काय आहे ते वर लिहिलं, कारण ती तुझी लेक आहे आणि तिच्या मनातलं तुझ्यापासून लपवून ठेवायला मी काही वैरीण नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. काम जूनच्या सुरुवातीला आहे, शाळा उघडायच्या आत पोरांचं उरकणार. पोरीबरोबर घरचं एक बाईमाणूस दिवसभर हवं, असं त्यांनी सांगितलं आहे. कोण राहणार ते त्या बाईने ऑडिशनच्या दिवशीच तिला विचारलं. मी शेजारी उभी होते, तिच्या सुटलेल्या रिबिनी माझ्या हातात होत्या. ती म्हणाली, 'आई येईल.' रविवारी ती तुला फोन करून बोलावणार आहे. तुला रजा मिळते, दिपे, मला माहीत आहे. तरी तू तिला सांग की मिळत नाही. ती रडेल, तिचं मी बघून घेईन. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ये आणि तिला घेऊन जा. तिचे कपडे धुऊन, घड्या घालून ठेवीन, दारात आडवी पडणार नाही, डोळ्यांत पाणीही आणणार नाही. त्यानंतर जन्मभर ती तुझीच आहे. पण हे थोडे दिवस तिच्याजवळच्या खुर्चीवर मला बसू दे. तहान लागली की तिला पाणी मी देईन, आणि पोरीची आई कोण असं कोणी विचारलं, तर लोकांनी माझ्याकडे बघू दे, एवढंच. तोवर तू येऊ नकोस.

तुझीच ताई,
हर्षाली