बिरदेवच्या नावानं

२७ फेब्रुवारी
किशनरावाला कुऱ्हाडीनं तोडावं—दिवसभर डोक्यात एवढंच. गेल्या आठवड्यात आमची मेंढरं त्याच्या उसात शिरली, तेवढ्यावरून दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या धाकट्या भावाला, बिरदेवला, घरातून ओढत नेलं. बांधावर कवटी फुटून जीव जाईपर्यंत मारलं! आई रानात, मी पालमला कंप्युटरच्या दुकानात. आता म्हणतो, "पोरगं सकाळपासून माझ्या उसात होतं. चोर समजून लोकांनी मारलं." गावात कुणी तोंड उघडत नाही.

पुरावा एकच. बिरदेवनं कोड लिहायच्या एडिटरमध्ये मराठी टाइप करायचं एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिला होता. त्यातला शेवटचा बदल त्यानं त्या दिवशी घरून पाठवला—दुपारी बारा चाळीसला. नेटवर वेळेसकट दिसतो, म्हणजे तेव्हा तो उसात नव्हता, घरी होता. पोलिसांनी तो लिहून घेतलाय, किशनरावाला धरलंय.

२८ फेब्रुवारी
लोक जिथून एक्स्टेंशन उतरवून घेतात, त्या यादीवाल्यांची मेल, बिरदेवला. त्यांना काय माहीत! कोडमधल्या माहितीच्या टिपांत फंक्शनच्या नावांभोवतीची अवतरणचिन्हं चुकली आहेत—दुरुस्त करा, नाहीतर यादीतून काढू. एकसष्ट टिपा. मीच करणार. एकेक चिन्ह खोडताना किशनरावाचं एकेक बोट तोडते.

२ मार्च
स्टँडवर किशनरावाचा पुतण्या आडवा आला. "भावाचं झालं तेच तुझं करू का?" मी दगड उचलला, त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा दात पडला. घरी सांगितलं. आई म्हणाली, "एकच? लय कमी झालं बाई."

३ मार्च
चाळीस झाल्या. पाठवून कोणती ओळ कुणी लिहिली त्याचा इतिहास उघडला. ज्या ओळीला हात लावला, तिच्यापुढून बिरदेवचं नाव जाऊन माझं आलंय! चाळीस ठिकाणी मीच त्याला पुसलं. भिंतीवर मुठी मारल्या. रक्त.

त्याच्या कॉलेजातल्या मित्राला, भागवतला फोन केला. "रडू नका ताई. पाठवताना लिहिणारा म्हणून त्याचंच नाव टाकता येतंय की."

४ मार्च
माझ्या नावचं सगळं काढलं. एकसष्टच्या एकसष्ट पुन्हा पाठवल्या—बिरदेवच्या नावानं. प्रत्येक ओळीपुढं तो. आज पहिल्यांदा झोप येईल.

११ मार्च
गंगाखेडला जामिनाची सुनावणी. त्यांच्या वकिलानं कागद वर धरला. "हा मयताच्या नावचा चार मार्चचा बदल. मेल्यावर त्याच्या नावानं कुणीतरी लिहितंय—मग बारा चाळीसला तरी तोच लिहीत होता कशावरून?"

किशनराव सुटला.

आई माझ्या दंडाला धरून ओरडायलीय—"कुणी केलं गं ते? नाव सांग! हात तोडते त्याचे!"