सरांना मत नसतं

गुरुवार, १३ नोव्हेंबर

घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलं. म्हणजे आम्ही बाहेर! जानेवारीअखेर फ्लॅट मोकळा करा म्हणाला, तेही हातावर पेढा ठेवत. पेढा पण कसला, नुसता साखरेचा गोळा. आणि ज्ञानेश त्याला म्हणतो, ‘अभिनंदन काका!’ बारा वर्षं झाली लग्नाला, माझ्या नवऱ्याचं हे ‘अभिनंदन काका’ काही सुटत नाही. कोणी लाथ घातली तरी हा आधी विचारेल, तुमच्या पायाला लागलं नाही ना?

मी म्हटलं, आता भाड्याचं बस. विकतच घ्यायचं.
‘घेऊ,’ म्हणाला.
कुठे?
‘तू म्हणशील तिथे.’

शनिवार-रविवार बघायला जायचं ठरलं. त्याला दोन्ही दिवस सुट्टी — हिंजवडीवाले ना! आमच्या चाकणला कंपनीची सुट्टी गुरुवारी. बारा वर्षांत सणवार सोडले तर दोघांची सुट्टी एका दिवशी आलेली नाही. मी दोन दिवस रजा टाकली. साहेबांचं तोंड वाकडं. मी नसले की क्वालिटीत कुणी पण काही पण पास करतं. करू देत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रावेतच्या बिल्डरचं ब्रोशर आलं मोबाइलवर. बिल्डिंगचं नाव इंग्रजी आणि त्यातलं स्पेलिंग चुकलेलं. खाली लिहिलंय — ‘जिथे निसर्ग तुमची वाट पाहतोय’. निसर्ग म्हणजे एक गोरी बाई, गच्चीत कॉफी पिताना.
ज्ञानेशला दाखवलं. कसं वाटतंय?
‘तुला कसं वाटतंय?’
फोन उशीवर आपटला मी.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी रावेत. सेल्स ऑफिसात एसी इतका की दात वाजायला लागले. टेबलावर बिल्डिंगचं मॉडेल, त्यात कापसाची झाडं, काचेची नदी आणि अंगठ्याएवढी माणसं. एक अंगठा कुत्र्याला फिरवतोय. बाहेर येऊन खरी नदी बघितली. हिरवीगार! पाणी कुठे दिसेल तर शपथ, सगळी जलपर्णी. बंटी नावाचा सेल्सवाला म्हणतो, ‘मॅम, पूर्ण ग्रीन व्ह्यू आहे.’ खोटं पण नाही म्हणता येत मेल्याला.

मग सॅम्पल फ्लॅट. खोल्यांना दारंच नाहीत. का? तर दारं असली की खोली लहान दिसते. भिंतीभर आरसे. पलंग बघितला आणि मला शंका आली. पर्समध्ये कंपनीची टेप असतेच. मोजला. साडेपाच फूट!
‘यावर कोण झोपणार?’ मी विचारलं.
बंटी हसला. ‘मॅम, हा डिस्प्लेसाठी आहे.’
‘म्हणजे झोपायला नाही, बघायला.’
मागे दुसरं एक जोडपं उभं होतं, तेही हसलं. मला बरं वाटलं. ज्ञानेश मात्र खाली बघत होता, जसा काही पलंग त्यानेच बनवलाय!

तिसऱ्या खोलीत भिंतीवर जिराफ. ‘ही किड्स रूम,’ बंटी म्हणाला. मग आम्हा दोघांकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि थांबला. मी म्हटलं, ‘छान. कपडे वाळत घालता येतील.’ ज्ञानेश खिडकीपाशी गेला. तिथून दुसऱ्या बिल्डिंगची भिंत दिसते, दुसरं काही नाही. तीच बघत राहिला कितीतरी वेळ. असा माणूस! बोलायचं तेव्हा नेमका भिंत बघतो.

पाण्याचं विचारलं. ‘कॉर्पोरेशनचं पाणी येणारच आहे मॅम, तोपर्यंत टँकर.’ तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? बंटी ज्ञानेशकडे वळला. त्याला वाटलं असणार इथून सुटका होईल.
‘सर, तुमचं काय मत?’
मी म्हटलं, ‘सरांना मत नसतं.’
बंटी हसला. दारातली चहावाली बाई पण हसली. ज्ञानेशही हसला. हेच तर! चिड ना रे एकदा. म्हण ना, हे काय बोलतेस. नाही. हसला, आणि बंटीने दिलेला फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

एवढं सगळं असून फ्लॅट घेण्यासारखा आहे. लिफ्ट दोन, नवी बांधणी, हायवे जवळ. कंपनीची बस चौकातून जाते. मी मनात रावेत पक्कं केलं. बाकी काय, नाटकं सगळीकडे तीच असणार.

शनिवार, संध्याकाळी

ज्ञानेश म्हणाला, एवढं फिरलोय तर बाहेर जेवू. हायवेजवळचं ते गार्डन हॉटेल. नाव गार्डन, आणि झाडं प्लास्टिकची! एक धबधबा पण आहे, तो मोटर बंद झाली की थांबतो. नंबर लावून पाऊण तास उभं राहायचं, आणि पोटात कावळे ओरडायला लागले की एक जण माइकवरून ओरडणार, ‘सत्तावीस नंबर फॅमिली!’ आम्ही फॅमिली आत गेलो.

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस. सहा वेटर टाळ्या वाजवत आले. ज्याचा वाढदिवस तो पन्नाशीचा, डोक्यावर चमकीची टोपी. त्याची बायको व्हिडिओ काढतेय, ‘अहो इकडे बघा, इकडे!’ काय ही हौस. ज्ञानेश त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होता. ओळख ना पाळख!

पनीर तीन प्रकारचं आलं — लाल, हिरवं, पांढरं. डोळे मिटून खाल्लं असतं तर तिन्ही एकच. ऑर्डर देताना नेहमीचं झालं.
‘तू काय घेतेस?’
मी सांगितलं.
‘मलाही तेच.’
वेटरला म्हटलं, ‘यांना काय हवंय ते यांना अजून कळलेलं नाही. बारा वर्षं वाट बघतेय मी.’
वेटर तोंडावर हात ठेवून हसला. ज्ञानेश या वेळी हसला नाही. पाणी प्यायला. भरलेला ग्लास एका दमात.

गाडीतही गप्प. मी विचारलं, रागावलास का? ‘नाही गं.’ रागवायला पण पाठीचा कणा लागतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज चिंचवडचा जुना फ्लॅट. हा ज्ञानेशने शोधलेला, म्हणून मला आधीच खात्री होती. आणि तसंच! पस्तीस वर्षांची सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्यात सायकली, कुंड्या आणि कुणाची तरी पापडाची चादर. फरशी ठिपक्याठिपक्यांची, आमच्या बार्शीच्या शाळेत होती तसली.

विकणारे नवरा-बायको पन्नाशीचे. ते नंदकिशोर, बँकेत. त्या मृदुलाताई, क्लास घेतात. दोघं एकमेकांशी इतकं गोड बोलत होते की मला कसंतरी व्हायला लागलं. ‘अहो, पाहुण्यांना बाल्कनी दाखवता का?’ ‘हो, तुम्ही तोवर किचन दाखवा.’ बायकोला अहोजाहो! मराठी मालिकेत पण आता असं बोलत नाहीत.

किचनमध्ये मी सरळ विचारलं, इतकं सांभाळलेलं घर, मग विकताय कशाला?
त्या ओटा पुसत होत्या. म्हणाल्या, ‘आम्ही वेगळे होतोय. जानेवारीत कोर्टाची तारीख आहे.’
मी म्हटलं, ‘भांडणं होतात का?’
‘नाही हो. भांडायचं पण बंद झालं, तेव्हा लक्षात आलं.’
मग लगेच गॅसच्या पाइपचं सांगायला लागल्या. नाटकी बाई. स्वतःचा संसार मोडतोय आणि ही मला पाइप कधी बदलला ते सांगतेय! त्यांनी माझा नंबर घेतला, कागदपत्रांचे फोटो पाठवायला म्हणून.

बाल्कनीत ज्ञानेश आणि नंदकिशोर. पंधरा मिनिटं! माझ्याशी पंधरा मिनिटं सलग कधी बोललाय हा? मी दारात गेले तसे दोघं गप्प.

जिना उतरताना ज्ञानेश म्हणाला, ‘मला आवडलं.’
मी थांबलेच. ‘काय?’
‘घर. सकाळचं ऊन येतं. समोर कडुनिंब आहे. मला आवडलं.’
‘तुला? आवडलं?’ इतकं हसू आलं मला की कठडा धरावा लागला. म्हटलं, ‘उन्हावर आणि कडुनिंबावर घर घेतात का रे? लिफ्ट नाही. म्हातारपणी तुला काय पाठीवर घेऊन चढू?’
वर दार उघडं होतं. त्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

दुपारी स्टेशनजवळ थाळी खाल्ली. वाढपी धावत येतो, नको म्हटलं तरी वाढतो, आणि टाकलं तर मॅनेजर बघतो. ज्ञानेश खाली मान घालून जेवत होता. मधेच म्हणाला, ‘मी त्यांना विचारलं, त्रास होतो का.’
‘कसला?’
‘वेगळं व्हायचा.’
‘मग?’
‘म्हणाले, ठरवेपर्यंत होतो.’

मी म्हटलं, लोकांच्या घरात जाऊन काय विचारतोस तू! तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. मग बोलला. इतकं तो एका वेळी बोलत नाही म्हणून इथे उतरवते.

‘योगिनी, मी रोज घरी आलो की दारात आधी तुझा चेहरा बघतो. आज कसा आहे. मग ठरवतो बोलायचं की नाही. ऑफिसात माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. ते मला विचारून काम करतात. तिथे मला मत असतं.’

वाढपी आमटी घेऊन उभा. मी म्हटलं, ‘डायलॉग चांगला आहे. कुठे पाठ केलास?’
तो म्हणाला, ‘गाडीत. काल येताना.’
आणि जेवायला लागला. सगळं ताट संपवलं. माझी भाजी तशीच राहिली, मॅनेजरने बघितलं.

अकरा जण म्हणे! कधी सांगितलं नाही. मी पण कधी विचारलं नाही म्हणा. पण सांगायला काय होतं?

सोमवार, १७ नोव्हेंबर

सेकंड शिफ्टच्या मालात दोनशे ब्रॅकेट रिजेक्ट केले. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, थोडं इकडेतिकडे चालतं. नाही चालत!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ज्ञानेश उशिरा आला, म्हणजे आठ वाजता. बूट काढले, माझ्याकडे न बघता आत गेला. हात धुऊन स्वतःच वाढून घेतलं. मी म्हटलं, बंटीचा फोन आला होता, रावेतचं बुकिंग या आठवड्यात केलं तर पार्किंग फुकट. काय करू या?

‘तुला रावेतचं हवं ना? घे.’
‘घे’ म्हणाला! अरे, ‘घेऊ’ म्हणतात. त्याच्या अंबाजोगाईच्या शाळेत व्याकरण शिकवलं नाही वाटतं. तसं सांगितलं तर म्हणाला, ‘बरोबर बोललो मी.’ आणि ताट घासायला घेतलं. त्याने. ताट!

चला, शेवटी आला वळणावर. दोन दिवस फुगून बसायचं आणि मग माझंच ऐकायचं, एवढंच जमतं त्याला. रविवारचं सगळं बोलणं त्या बाल्कनीतल्या माणसाने भरवलेलं होतं. मला माहीत होतं दोन दिवसांत उतरेल.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बंटीला सांगितलं, शनिवारी येतो. ‘सर पण येतील ना मॅम? दोघांच्या सह्या लागतील.’ म्हटलं, येतील की, कुठे जातात!

ज्ञानेशने आज अर्धा दिवस रजा घेतली होती म्हणे. कशाला विचारलं तर म्हणाला, बँकेत काम होतं. असेल. चहा मात्र एकच कप केला, आणि पीत बसला. मी बघत होते तरी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी मृदुलाताईंचा फोन. मला वाटलं कागदपत्रांचं असेल. म्हणाल्या, काल तुमचे मिस्टर येऊन घराचं टोकन देऊन गेले. लोन त्यांच्या एकट्याच्या नावावर करताहेत. मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘ते म्हणाले, मी एकटाच राहणार आहे. आमच्याकडे मला हे सगळ्यात शेवटी कळलं होतं, म्हणून म्हटलं तुम्हाला सांगावं.’

फोन कानालाच होता. मग त्या म्हणाल्या, ‘पडदे काढून नेऊ, की राहू देऊ? ऊन फार येतं हो सकाळी.’

मी म्हटलं, काढून न्या. त्याला ऊन आवडतं.