राईतला धूर

पौष वद्य चतुर्थी, शके १८६५. वडूज.

परवा पहाटे मी देवीच्या राईत ओला पाला पेटवला. दिवाळीनंतर थव्यानं आलेल्या, दाणे टिपणाऱ्या भोरड्या रात्री तिथं वसतात आणि उजाडलं की माझ्या ज्वारीवर पडतात. धुरानं त्या उठल्या, पण राईतले पोपट अन् होलेही गेले. भोरड्यांचा थवा शेजारच्या हसनच्या शेतात उतरला अन् त्याची कणसं खाऊन गेला.

काल हसन म्हणाला, "आवं आप्पा, पाखरं देवाची. त्यास्नी काय बोलायचं?"

मी नुसती मान हलवली. देवीच्या आसऱ्याला धूर घालून मान हलवली! आज पूजेला बसलो, तर धुराचाच वास. राईत अजून एकही होला घुमत नाही.

संध्याकाळी हसनला सगळं सांगितलं.

"देवीला सांगितलंसा का?" एवढंच तो बोलला.

ओढ्याकडची माझी ज्वारी त्यानं न्यावी म्हणून त्याच्या हाती विळा देऊन आलो.